मूळ बिल्ला कपाटात

शनिवार, दिनांक २९ मार्च २०२५. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती आणि सिरगुंडी नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाच्या खिडकीपुढे एकतीस माणसे उभी होती. त्यांपैकी तीस जणांनी आपल्या कुत्र्याचा परवाना कधी ना कधी बुडवला होता. एकतिसावे ईरण्णा हत्तरगे. त्यांनी नऊ वर्षांत तो एकदाही बुडवला नव्हता आणि नेमके त्यामुळेच त्यांचे काम अडले होते.

खिडकीच्या वर नवा फ्लेक्स लावला होता. 'श्वान परवाना अभय योजना. विलंब शुल्क शंभर टक्के माफ. अंतिम मुदत ३१ मार्च.' मजकुराशेजारी सोनेरी केसांचे, जीभ बाहेर काढून हसणारे एक विलायती कुत्रे छापले होते. तसले कुत्रे सिरगुंडीत कुणी पाळले नव्हते, पाहिलेही नव्हते.

"सर, तुमचं किती वर्साचं थकलंय?" पुढच्या माणसाने मान वळवून विचारले.

"थकलेलं नाही."

"मग इथं काय ऊन खायला आलाव व्हय?" रांग हसली. "आमचं सात वर्साचं हाय. बरं झालं भरलं न्हाय. दरसाल भरनारे येडे ठरले बगा."

ईरण्णांनी पावत्यांचे पाकीट दुसऱ्या हातात घेतले. एकाहत्तराव्या वर्षीही ते इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालत, खिशाला पेन आणि सहा इंची पोलादी पट्टी लावत. सोलापूरच्या तंत्रनिकेतनात शिकून त्यांनी चौतीस वर्षे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरच्या मुलांना कानस धरायला शिकवले होते. मुलाने आणून दिलेला तुकडा मापात नसेल तर 'पुन्हा कर' एवढेच म्हणून परत करायचा, ही त्यांची रीत. ओरडणे नाही, मारणे नाही. मुले त्यांना मागे 'पुन्हा-कर सर' म्हणत, हे त्यांना ठाऊक होते आणि त्याचे त्यांना वाईट वाटत नसे.

खिडकीत वर्षाराणी नावाची कंत्राटी मुलगी संगणकापुढे बसली होती.

"थकबाकी नंबर सांगा, आजोबा."

"मी थकबाकीदार नाही. काल, शुक्रवारी, दुपारी चार वाजता तुमच्या गाडीनं आमचा कुत्रा उचलून नेला. परवाना चालू आहे. या नऊ पावत्या. हा लस टोचल्याचा दाखला. आणि हा बिल्ला."

त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून पितळी बिल्ला काढून खिडकीच्या फळीवर ठेवला. क्रमांक १४७. मुलीने तो उलटसुलट केला, स्क्रीनवर पाहिले, पुन्हा बिल्ल्याकडे पाहिले.

"कॉम्प्युटरमधी तुमी न्हाईत."

"का?"

"ह्याच्यात फकस्त थकबाकीवाले भरलेत. ज्यांनी येळेवर भरलं ते जुन्या रजिस्टरात. अन् रजिस्टर ऑडिटला धाराशिवला गेलंय." ती जराशी ओशाळली. "तुमी आत जावा. अमरनाथ सरांना भेटा."

आतल्या खोलीत स्वच्छता निरीक्षक अमरनाथ बसला होता. ईरण्णांना पाहताच तो खुर्ची सरकवून उठला. फिटरच्या अठ्ठ्याण्णवच्या तुकडीतला हा विद्यार्थी. हात बरा, पण घाई फार. पुढे स्वच्छता निरीक्षकाची पदविका करून तो नगरपरिषदेत लागला होता.

"या सर, बसा. पानी आनू?"

"पाणी नको. कुत्रा दे."

अमरनाथने खण उघडून एक पट्टा टेबलावर ठेवला. चामड्याचा, त्यांच्या कुत्र्याच्या, करियाच्या, गळ्यातला. त्यालाही पितळी बिल्ला होता. त्याच्यावरही क्रमांक १४७.

"गाडीवाल्यानं हा बिल्ला माझ्याकडं आनून टाकला. बोलला, बनावट दिसतोय." अमरनाथने ईरण्णांच्या हातातला बिल्ला घेऊन त्याच्या शेजारी ठेवला. "मी हातात घेतला अन् तवाच समजलो, सर. आमच्या बिल्ल्यावर आकडे कदी एका ओळीत येत न्हाईत. आमचा मानूस हातोडा मारतो अन् पुढं सरकतो. हे बगा, एक इकडं, चार तिकडं, सात पार खाली. अन् ह्यो बगा. आकडे ओळीत. कड गोल घासलेली. भोक मधोमध. असलं काम सिरगुंडीत एकच मानूस करतो."

ईरण्णांच्या चेहऱ्यावर क्षणभर, नको त्या वेळी, समाधान उमटले.

"मीच केलाय तो. परवाना काढला त्याच आठवड्यात. दोन मिलिमीटरचा पत्रा, व्यास मूळ बिल्ल्याइतकाच, अडतीस. तुला आठवत नाही का, कारखान्यात मापाचं मूळ, मास्टर गेज, कुठं ठेवतात?"

"कपाटात," अमरनाथ नकळत विद्यार्थ्यासारखा बोलून गेला. "बाकावर वापरायला वर्किंग गेज."

"बरोबर. कुत्रा चिखलात लोळतो, कुंपणातनं जातो. मूळ बिल्ला हरवला की दुसरा मिळायला पोलिसात तक्रार, प्रतिज्ञापत्र, अर्ज. म्हणून मूळ कपाटात ठेवला, प्रत गळ्यात. यात बनावट काय आहे?"

"तुमच्या हिशेबानं काय न्हाय, सर. पन कागदाच्या हिशेबानं पावती एक, बिल्ला एक. अन् माझ्या टेबलावर बिल्ले दोन." अमरनाथने आवाज खाली आणला. "योजना सुरू झाल्यापास्नं लोकांनी टिनाचे, पत्र्याचे बिल्ले करून कुत्र्याला बांधलेत. मुख्याधिकारी साहेबांचा हुकूम हाय, डुप्लिकेट सापडला की कुत्रा जप्त, मालकाची चौकशी. चौकशी साहेबच करनार. अन् साहेब मार्च एंडच्या मीटिंगला धाराशिवला."

"कधी येणार?"

"सोमवारी म्हनले." अमरनाथने खणातून एक छापील कागद काढला. "त्यापरीस सोपं हाय ते ऐका. योजनेचा फारम भरा. माझ्याकडं कदी परवाना नव्हता असं लिहून द्या. दोन्ही बिल्ले जमा करा. योजनेत सगळं माफ हाय सर. विलंब माफ, मागचं माफ, चौकशी बी न्हाय. नवा बिल्ला घ्या, सुटकेची चिठ्ठी देतो, घंट्याभरात कुत्रा घरी."

ईरण्णांनी चष्मा बदलून कागद वाचला. 'मी, खाली सही करणार, लिहून देतो की, माझ्या ताब्यातील श्वानाचा परवाना मी आजतागायत घेतलेला नाही. माझ्याकडे आढळलेले बिल्ले अधिकृत नाहीत. योजनेअंतर्गत मला माफी मिळावी, ही विनंती.'

त्यांनी तो दोनदा वाचला. मग खिशातल्या पोलादी पट्टीने सरळ घडी घालून अमरनाथपुढे ठेवला.

"माफी कशाची?"

"सर, ती छापील भाषा हाय."

"मी चूक केलेली नाही, तर माफी कशी मागू? आणि नऊ पावत्या माझ्या हातात असताना परवाना नव्हता म्हणून लिहून देऊ? तू मला हे सांगतोयस?"

"चारशेचं टार्गेट हाय, सर. तीनशे एकाहत्तर झालेत. तुमचा एक झाला तर माझं बी भलं अन् तुमचं बी," अमरनाथ म्हणाला, आणि ते बोलायला नको होते हे त्याच्या लगेच ध्यानात आले.

"सोमवारी साहेब आले की येतो," ईरण्णा उठत म्हणाले. दोन्ही बिल्ले त्यांनी टेबलावरच सोडले. पुरावा होता तो. जागेवरून हलवायचा नसतो.

*

ईरण्णांच्या पत्नी जगदेवी घराच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. काचबिंदूने त्यांची नजर सहा वर्षांत पुसून नेली होती. आता त्यांना दाराची चौकट उजेडाची आहे एवढे कळे, तिच्यात कोण उभे आहे ते कळत नसे. त्यांच्या मांडीवर करियाची साखळी होती.

करिया म्हणजे काळा. अकरा वर्षांपूर्वी, गावात परवाने सुरू होण्याआधी दोन वर्षे, रस्त्याकडेच्या गटारातून जगदेवींनीच ते पिलू उचलून आणले आणि अक्कलकोटकडच्या आपल्या माहेरच्या कानडीत त्याचे नाव ठेवले. त्याला कुणी काही शिकवले नव्हते. पण त्यांची नजर जसजशी गेली तसतसे ते कुत्रे आपोआप हळू चालू लागले. रोज दुपारी साडेतीनला त्या साखळी हातात घेऊन महादेवाच्या देवळात जात. घरापासून देवळापर्यंत दोनशे दहा पावले. गटाराच्या फरशीपाशी करिया थांबे, साखळी सैल पडे, जगदेवी पाय उचलत. देवळाच्या पायरीशी तो बसून राही. साखळी काढून घेऊन त्या तासभर आत बसत, बायकांशी बोलत. दिवसातला तेवढाच तास त्या या घराबाहेर असत.

शुक्रवारी त्या बाहेर आल्या, हाक मारली, आणि साखळी अडकवायला कुणी आले नाही. शेजारच्या गिरिजाबाईंनी हाताला धरून घरी आणून सोडले. परक्या हाताला धरून चालताना त्या फरशीवर दोनदा ठेचकाळल्या.

"आणला?" पावलांच्या आवाजावरून त्यांनी विचारले.

"सोमवारी मिळेल."

"सोमवारी का?"

ईरण्णांनी सगळे सांगितले. जसे घडले तसे, क्रमाने, काहीही न गाळता. फॉर्मवरची वाक्येही त्यांना पाठ झाली होती, तीही म्हणून दाखवली.

जगदेवी बराच वेळ साखळीच्या कड्या बोटांनी मोजत राहिल्या.

"म्हंजे सही केली असती तर तो आत्ता हितं असता."

"खोट्यावर सही केली असती तर."

"अहो, कुत्र्याला काय कळतंय खरं-खोटं? त्याला भूक कळती, तहान कळती."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. चौतीस वर्षांत मी एका तुकड्यावर चुकीची सही केली नाही. आता त्या अमरनाथपुढं, माझ्याच विद्यार्थ्यापुढं, मी लिहून देऊ की मी फसवलं?"

"तुम्ही फसवलं असं त्यानं म्हनलंच न्हाय. त्यानं म्हनलं, माफ हाय."

"तेच तर! माफ करणारा तो कोण?"

जगदेवींनी साखळी दाराजवळच्या खुंटीला अडकवली. खुंटी कुठे आहे ते चाचपायला त्यांना वेळ लागला, आणि ईरण्णा उठेपर्यंत ते काम त्यांचे त्यांनीच केले.

*

रविवारी गुढीपाडवा होता. ईरण्णांनी सव्वासहाला गुढी उभारली. काठी ओळंब्यात आहे की नाही हे चौकटीशी डोळा लावून तपासले. जगदेवींनी कडुनिंबाची पाने आणि गूळ वाटून त्यांच्या हातावर ठेवले. स्वतः खाताना एक गोळी बाजूला काढली, मग ती कुणासाठी काढली हे आठवून परत वाटीत टाकली.

साडेदहाला ईरण्णा गावाबाहेरच्या कचरा डेपोवर गेले. जप्त केलेली कुत्री तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतात, एवढे त्यांना कळले होते. नळदुर्गकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऑटोवाल्याने त्यांना सोडले. आत अर्धा किलोमीटर जळत्या प्लॅस्टिकच्या वासातून ते चालत गेले.

फाटकाशी कोंडाबाई नावाची सफाई कामगार बाभळीच्या सावलीत बसली होती. सणाचे नवे लुगडे आणि त्यावर नगरपरिषदेचे नारिंगी जाकीट.

"चिठ्ठी हाय का, बाबा?"

"उद्या मिळणार आहे. फक्त पाहायचं होतं."

"बगायला काय, ही देवळातली मूर्ती हाय व्हय?" ती म्हणाली, पण उठली. "या. कुलपाची किल्ली ठेकेदाराकडं असती. फटीतनं बगा."

शेडला खिडकी नव्हती. वरही पत्रा, चहूबाजूंनीही पत्राच. ईरण्णांनी हात लावला आणि लगेच मागे घेतला. आत पंचवीस-तीस कुत्री असावीत. बहुतेक गप्प होती. दोन पत्र्यांच्या जोडावर बोटभर फट होती. तिथे डोळा लावून त्यांनी हाक मारली.

"करिया."

कोपऱ्यातला एक काळा आकार हलला. पुढचे पाय टेकून उठायचा प्रयत्न केला, अर्धा उठला आणि तसाच बसला. कान मात्र वर झाले.

"लई म्हातारं हाय ते," कोंडाबाई म्हणाली. "बाकीची भांडत्यात, पान्यावर झडप घालत्यात. ह्याला येतच न्हाय म्होरं. म्या काल फटीतनं ओलं पोतं सारलं, तर दुसऱ्यानंच फाडलं."

"वायुवीजन नाही या शेडला," ईरण्णा म्हणाले. "वर पत्र्याला झडपा ठेवायला हव्या होत्या. दक्षिण-उत्तर. इतक्या पत्र्याला निदान चार."

"व्हय का?" कोंडाबाईने त्यांच्याकडे बघितले. "मग सांगा की कुनाला तरी. तवर तुमचं कुत्रं न्या. ती चिठ्ठी का काय ती आना, बाबा. आजच आना. ऊन बगा कसं लागलंय."

त्यांनी कोंडाबाईकडून पाण्याची बादली मागून घेतली आणि तिच्याच तांब्याने फटीतून पाणी ओतले. पाणी जमिनीवर पसरले, फटीजवळची कुत्री चाटू लागली. कोपऱ्यापर्यंत ते पोहोचले नाही.

परत येताना ऑटोत त्यांचा फोन वाजला. अमरनाथ.

"सर, सणाचा राम राम. मी हापिसातच हाय, मार्च एंडचं चाललंय. ऐका, आत्ता या. फारमवर कालची तारीख टाकतो, चिठ्ठी देतो. ठेकेदाराला किल्ली घिऊन धाडतो. डेपोवर लई तापतंय, मला बी बरं वाटंना."

ईरण्णांनी डोळे मिटले. कोपऱ्यातले ते अर्धे उठणे त्यांना दिसत होते. तोंडात 'येतो' हा शब्द आला होता. पण अमरनाथने 'कालची तारीख' म्हटले होते.

"मागची तारीख मी घालत नाही," ते म्हणाले.

"मग आजची घाला, सर! तुमाला पायजे ती घाला!"

"उद्या साहेब येतील. मी त्यांच्यापुढं दोन्ही बिल्ले ठेवीन. शहाण्या माणसाला पाच मिनिटांत कळेल कोणता खरा, कोणता प्रत. एका दिवसानं काही होत नाही."

पलीकडे अमरनाथने खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

"सर, तुमी आमाला शिकवलं व्हतं, काम मापात बसंना झालं तर आधी माप बगावं."

"ते कामाबद्दल शिकवलं होतं," ईरण्णांनी सांगितले आणि फोन ठेवला.

घरी त्यांनी करिया पाहिल्याचे जगदेवींना सांगितले. कान वर केले, हे सांगितले. अर्धाच उठला, हे सांगितले नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अहवालातला एक तपशील गाळला होता.

जगदेवींना तो गाळलेलाही ऐकू आला असावा. त्या म्हणाल्या, "उद्या मी येते. साहेब येवो न येवो, सही तुम्ही करा. न्हायतर अंगठा मी देते. कुत्रं माझं हाय. तुमचा नुसता बिल्ला हाय."

*

सोमवारी ईदची सुटी होती, तरी मुदतीचा शेवटचा दिवस म्हणून खिडकी उघडी होती. दहा वाजून पाच मिनिटांनी ईरण्णा आणि जगदेवी पोहोचले. जगदेवींच्या हातातल्या पिशवीत साखळी आणि फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी होती.

साहेब आले नव्हते. बैठक लांबली होती, आता बुधवारी.

"बुधवारी योजनाच संपलेली असनार, सर," अमरनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता. त्याने फॉर्म पुढे केला. रकाने त्याने आधीच भरून ठेवले होते. फक्त सहीची जागा रिकामी होती.

ईरण्णांनी पेनाचे टोपण काढले. जगदेवींचा हात त्यांच्या दंडावर होता. त्यांनी सही केली. पूर्ण नाव, नेहमीच्या वळणाची, वाचता येईल अशी. तारीख टाकली, त्याखाली वेळही टाकली : १०.४०. वेळ कुणी मागितली नव्हती.

वर्षाराणीने संगणकात नोंद केली आणि निळ्या प्लॅस्टिकचा नवा बिल्ला दिला. आकडे छापील होते, एका ओळीत. दोन्ही पितळी बिल्ले तिने एका जुन्या खोक्यात टाकले. खोक्यातल्या शंभर वाकड्या बिल्ल्यांत ईरण्णांचा बिल्ला लांबूनही ओळखू येत होता. पट्टा मात्र तिने परत दिला. मग पुढच्या माणसाला म्हणाली, "या, आजोबांसाठी टाळ्या वाजवा, आज लई म्हातारे लोक बी येतायत." दोघातिघांनी टाळ्या वाजवल्याही.

सुटकेची चिठ्ठी हातात पडायला दुपारचा एक वाजला; ती घेऊन ते ऑटोने डेपोवर गेले. या खेपेला ऑटो थेट फाटकापर्यंत नेला. ठेकेदाराचा माणूस किल्ली घेऊन आधीच आला होता. शेड उघडी होती. कोंडाबाई मात्र शेडकडे न जाता त्यांच्याकडे चालत आली. तिने जगदेवींकडे बघितले, हातातल्या पिशवीकडे बघितले.

"आई, तुमी बसा जरा," ती म्हणाली.

"मी बसायला आले न्हाय. करियाऽ" जगदेवींनी हाक मारली. शेडमधून दुसरीच कुत्री भुंकली.

"काल दुपारी गेला, आई. तीनच्या सुमाराला. म्या फोन लावला ठेकेदाराला, त्यो तवर सणाला गावी गेलता. हापिसात लावला, कुनी उचलला न्हाय." कोंडाबाईने पदराने तोंड पुसले. "खड्ड्यात न्हाय टाकला म्या. आज किल्ली आली तवा त्या बाभळीखाली पुरलाय. वर दगड ठिवलाय."

ईरण्णांनी घड्याळ पाहिले. काल दुपारचे तीन. ऑटोतला फोन साडेअकराचा होता. अमरनाथ किल्ली धाडणार होता. साडेअकरा ते तीन. त्यांनी ती वजाबाकी एकदा केली आणि मग पुन्हा पुन्हा करत राहिले. उत्तर बदलत नव्हते.

जगदेवी कोंडाबाईचा हात धरून बाभळीपर्यंत गेल्या. खाली बसून त्यांनी दगड चाचपला. फडके सोडून भाकरी दगडाशेजारी ठेवली. रडल्या नाहीत. उठताना त्यांनी ईरण्णांचा पुढे आलेला हात धरला नाही, कोंडाबाईचाच धरला.

परतीच्या वाटेवर ईरण्णांनी ऑटो नगरपरिषदेपाशी थांबवला. जगदेवींना बाहेरच्या बाकावर बसवले आणि खिडकीशी गेले. रांग आता साठ-सत्तर माणसांची होती, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून लोकांनी वाट दिली.

"माझी नोंद कमी करा," ते वर्षाराणीला म्हणाले. "कुत्रा कालच गेला. मी आज सही केली तेव्हा तो जिवंत नव्हता. एकूणातून एक वजा करा."

मुलीने कीबोर्डवरचा हात उचलला. "अय्यो, आजोबा." मग खऱ्या मनाने तिने प्रयत्न केला, इकडे दाबले, तिकडे दाबले. "ह्यो घेत न्हाय. आधी परवाना रद्द करावा लागतो. अन् रद्द करायचं तर परवाना निदान सहा महिन्यांचा पायजे. तुमचा आजचाच हाय."

"म्हणजे तुमच्याकडं तो सहा महिने जिवंत राहणार."

आतल्या दारात अमरनाथ येऊन उभा राहिला होता. त्याने ऐकले होते. तो दोन पावले पुढे आला, वाकून सरांच्या पायाला हात लावणार होता.

"नको," ईरण्णा म्हणाले. "तुझं काम बरोबर होतं. माझंच पुन्हा करायला हवं होतं." त्यांनी निळा बिल्ला खिशात, पोलादी पट्टीच्या मागे ठेवला आणि बाहेर आले.

ऑटो त्यांनी घराच्या आधीच, देवळाच्या चौकात सोडून दिला. का सोडला, हे त्यांना सांगता आले नसते. दुपारचे साडेतीन वाजत आले होते. चौकात शुकशुकाट होता. शिरखुर्म्याचा डबा घेऊन एक सायकल तेवढी गेली. इथून घर दोनशे दहा पावले.

"चल, हात धर," ते म्हणाले.

जगदेवींनी हात धरला नाही. पिशवीतून साखळी काढली. एक टोक स्वतःच्या मनगटाला, रोजच्यासारखे, दोन वेढे देऊन गुंडाळले. दुसरे टोक, ज्याला पट्ट्याचा आकडा होता, ते हवेत पुढे केले आणि ईरण्णांच्या तळहाताला लागेपर्यंत तसेच धरून ठेवले.

"धरा," त्या म्हणाल्या. "पुढं व्हा. अन् हळू चाला. फरशीपाशी थांबा."

ईरण्णांनी आकडा मुठीत धरला. ते पुढे झाले. समोरच्या ओसरीवरून गिरिजाबाई बघत होत्या. ईरण्णांनी मान खाली घातली नाही. एकेक पाऊल ते मोजत गेले. साखळी ताणली की थांबले, सैल झाली की निघाले. एकशे बाराव्या पावलाला गटाराची फरशी आली. ते थांबले. मागे जगदेवींनी पाय उचलला, पलीकडे टेकवला, आणि साखळीला एक हलका झटका दिला. ते पुन्हा चालू लागले.

त्या दिवशी सायंकाळी सहा वाजता खिडकी बंद झाली. नगरपरिषदेच्या आवारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेला मजकूर असा होता : श्वान परवाना अभय योजना. उद्दिष्ट : ४००. नूतनीकरण : ५१८. मयत : ०.